स्नॅपची रक्कम अडली तेव्हा फूड बँकांनी काय केले

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की १ नोव्हेंबरपासून, गरजू कुटुंबांना किराण्यासाठी पैसे देणाऱ्या स्नॅप योजनेची रक्कम कोणाच्याही कार्डावर जमा होणार नाही. त्या वेळी या योजनेचा लाभ घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी २० लाख होती, म्हणजे या देशातील दर आठ माणसांपैकी एक, आणि त्यांत जवळजवळ चाळीस टक्के अठरा वर्षांखालील मुले. पुढच्या काही दिवसांत गरजूंना मोफत अन्न पुरवणाऱ्या फूड बँकांबाहेरच्या रांगांची छायाचित्रे जगभर झळकली आणि भारतातल्या नातेवाइकांनी फोनवर मला दोन प्रश्न विचारले. अमेरिकेत माणसे खरोखर उपाशी राहतात का, हा पहिला. आणि सरकारने हात आखडता घेतला तर या फूड बँका त्यांना पोसू शकतात का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कृषी खात्याच्याच अहवालात आहे: २०२३ साली सुमारे १ कोटी ८० लाख कुटुंबांना, म्हणजे १३.५ टक्के कुटुंबांना, वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. दुसऱ्याचे उत्तर मी फोनवर ‘नाही’ असे दिले, आणि ते बरोबर असले तरी अपुरे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. फूड बँक सरकारी मदतीची जागा घेऊ शकत नाही. परंतु ती मदत अडकलेली असताना कुटुंबाला दोन-तीन आठवड्यांची उसंत मिळवून देणे तिला जमते, आणि ती उसंत कशी तयार होते हे पाहण्यासारखे आहे.

आधी स्नॅपविषयी थोडेसे, कारण आपल्या मनात रेशन दुकानाचे चित्र असते आणि ते इथे लागू पडत नाही. इथे सरकार धान्य देत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ईबीटी नावाच्या प्लॅस्टिकच्या कार्डावर रक्कम जमा होते आणि ते कार्ड देशभरातल्या अडीच लाखांहून अधिक दुकानांत चालते. मी राहतो त्या न्यू जर्सीत या कार्डाला ‘फॅमिलीज फर्स्ट’ असे नाव आहे. त्यावर दूध, अंडी, पीठ, भाजी, मांस घेता येते, एवढेच काय, परसात लावायला भाजीचे बी-रोपही घेता येते. मात्र साबण, डायपर, औषधे, दारू, तंबाखू आणि दुकानात गरम विकले जाणारे तयार अन्न घेता येत नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात माणशी सरासरी रक्कम महिन्याला १८७ डॉलरच्या आसपास होती, म्हणजे दिवसाला सुमारे सहा डॉलर. लाभार्थी म्हणजे बेकार माणसे, असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मुले, वृद्ध आणि अपंग वगळल्यावर उरणाऱ्यांत दुकानांत, गोदामांत, उपाहारगृहांत तासावर राबणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत, ज्यांचे कामाचे तास दर आठवड्याला बदलतात आणि त्यांबरोबर पगारही.

योजनेचा आरंभ १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झाला. गरजू माणसाने एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की त्याला पन्नास सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत आणि त्या निळ्या तिकिटांवर सरकारने ‘अतिरिक्त’ ठरवलेला शेतमालच घेता येई. ती योजना १९४३ साली बंद पडली. १९६१ मध्ये केनेडींच्या काळात ती प्रायोगिक स्वरूपात परतली आणि १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. तरीही तिकिटांसाठी काही रक्कम आधी स्वतः भरण्याची अट होती, त्यामुळे ज्याच्या हाती रोख पैसाच नाही त्याला मदतही मिळत नसे. ही अट १९७७ च्या कायद्याने काढली, आणि माझ्या मते या योजनेच्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा हीच. कागदी तिकिटे जाऊन २००४ पर्यंत सर्वत्र कार्ड आले, २००८ मध्ये नाव बदलून ‘स्नॅप’ झाले. इथल्या वयस्कर माणसांच्या तोंडी मात्र अजूनही ‘फूड स्टॅम्प’च आहे.

आता नोव्हेंबर. केंद्रीय अर्थसंकल्पाला मंजुरी न मिळाल्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेला शटडाऊन, म्हणजे केंद्र सरकारच्या कामकाजाची टाळेबंदी, १२ नोव्हेंबरच्या रात्री संपला. ४३ दिवसांचा हा शटडाऊन देशाच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ ठरला. ऑक्टोबरची स्नॅपची रक्कम लोकांना मिळाली होती, प्रश्न नोव्हेंबरचा होता. आकस्मिक निधी उपलब्ध असून तो न वापरणे योग्य नाही, असे ३१ ऑक्टोबरला ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स येथील दोन संघीय न्यायाधीशांनी एकाच दिवशी सांगितले. ३ नोव्हेंबरला प्रशासनाने त्या निधीतून निम्मी रक्कम देण्याची तयारी दाखवली, दोन दिवसांनी हिशेब सुधारून ६५ टक्क्यांपर्यंत देता येईल असे म्हटले. ६ तारखेला न्यायालयाने पूर्ण रक्कम देण्याचा आदेश दिला. ७ तारखेला काही राज्यांनी पूर्ण रक्कम कार्डांवर भरूनही टाकली, त्याच रात्री सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती केतानजी ब्राउन जॅक्सन यांनी त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली आणि ८ तारखेला कृषी खात्याने राज्यांना कळवले की भरलेली पूर्ण रक्कम मागे घ्यावी. एका आठवड्यात इतक्या उलटसुलट बातम्या आल्या की ज्याचा व्यवसायच बातम्या वाचण्याचा आहे त्यालाही पत्ता लागू नये. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईने त्यातून काय समजून घ्यायचे?

‘निम्मी रक्कम’ या शब्दांतही एक खोच होती, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. स्नॅपची रक्कम ठरवताना कुटुंबाच्या आकारानुसार असलेल्या कमाल रकमेतून त्या कुटुंबाच्या निव्वळ उत्पन्नाचा ३० टक्के भाग वजा करतात. चार जणांच्या कुटुंबाची कमाल रक्कम त्या वेळी ९९४ डॉलर होती. निव्वळ उत्पन्न हजार डॉलर असेल तर तीनशे वजा जाऊन ६९४ डॉलर मिळतात. पहिल्या घोषणेनुसार कपात झाली ती कमाल रकमेत. ती ४९७ वर आली आणि वजावट मात्र पूर्वीइतकीच, तीनशेच राहिली. उरतात १९७ डॉलर, म्हणजे नेहमीच्या रकमेचा तिसरा हिस्साही नाही. उत्पन्न १,७०० डॉलर असलेल्या चौघांच्या घराला एरवी ४८४ डॉलर मिळाले असते, या हिशेबाने शून्य. ज्यांनी थोडेफार कमावले त्यांनाच सर्वाधिक झळ, असा हा प्रकार होता. शिवाय अनेक राज्यांच्या संगणक प्रणाली जुन्या असल्याने नवा हिशेब त्यांत बसवायला आठवडे लागतील, असे त्या राज्यांकडून सांगितले जात होते.

मी ज्या पॅन्ट्रीत, म्हणजे मोफत अन्नवाटपाच्या केंद्रात, शनिवारी सकाळी मदतीला जातो तिथे त्या काळात सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न धान्याचा नव्हता, तारखेचा होता. रक्कम कधी येणार? येणार तर किती? याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, आणि माझ्या निरीक्षणात कुटुंबांना कमी रकमेपेक्षा ही अनिश्चितता अधिक जाचक वाटत होती. शंभर डॉलरच मिळणार असे निश्चित कळले तर गृहिणी त्यात महिना बसवण्याचा प्रयत्न करते. काहीच कळत नसेल तर ती घरभाड्याला हात लावायचा की विजेचे बिल थकवायचे, या पेचात अडकते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्नॅपची रक्कम महिनाभर पुरत नाही. तीन-चतुर्थांशाहून अधिक रक्कम मिळाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतच खर्च होते, हे पूर्वीच्या अभ्यासांतून दिसलेले आहे, आणि त्यामुळे कोणत्याही पॅन्ट्रीत महिन्याचा शेवटचा आठवडा एरवीही सर्वांत गर्दीचा असतो. म्हणजे ज्यांच्या कार्डावर १ नोव्हेंबरला रक्कम यायची होती त्यांचे डबे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच तळाला लागलेले होते. त्यात सर्वांना एकाच दिवशी रक्कम मिळत नाही. कॅलिफोर्नियात ती महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत विभागलेली असते, टेक्सासमध्ये २८ तारखेपर्यंत टप्प्याटप्प्याने येते. परिणामी संकट एका दिवसात कोसळले नाही, रोज थोडी नवी कुटुंबे त्यात येत गेली, आणि पॅन्ट्रीला उद्या किती माणसे येतील याचा अंदाज बांधणेच अशक्य झाले.

फूड बँक आणि फूड पॅन्ट्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. फूड बँक म्हणजे मोठे गोदाम: ट्रक लागण्याचे धक्के, फोर्कलिफ्ट, शीतगृहे, पॅलेटांच्या रांगा. कुटुंबाला पिशवी मिळते ती पॅन्ट्रीतून, जी बहुधा एखाद्या चर्चच्या तळघरात, शाळेत किंवा सामाजिक केंद्रात स्वयंसेवकांच्या बळावर चालते. फीडिंग अमेरिका या राष्ट्रीय संस्थेच्या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आणि ६०,००० च्या आसपास पॅन्ट्री व भोजनकेंद्रे आहेत. या कल्पनेचा उगम १९६७ साली ॲरिझोनातील फीनिक्स येथे झाला. जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त व्यावसायिक तिथल्या एका अन्नछत्रात मदत करत असत. दुकानामागच्या कचराकुंडीत टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर आपली मुले वाढवणाऱ्या एका आईशी बोलताना त्यांना सुचले की दुकानांना नको असलेले अन्न जमा करून ठेवणारी आणि गरजूंना काढून देणारी एक बँक असावी. चर्चने एक जुनी इमारत दिली आणि सेंट मेरीज फूड बँक सुरू झाली. पुढे अन्न दान करणाऱ्या कंपन्यांना खटल्यांची भीती वाटू नये म्हणून १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला: सद्भावनेने, घोर निष्काळजीपणा न करता दिलेल्या अन्नाबद्दल दात्याला जबाबदार धरले जात नाही.

या जाळ्यातील एक व्यवस्था मला विलक्षण वाटते आणि तिच्याविषयी थोडे विषयांतर वाटले तरी लिहितो, कारण संकटाच्या वेळी माल कुठून कुठे जातो हे तिच्यावर अवलंबून असते. देशभरातून येणारे ट्रकभर दान कोणत्या फूड बँकेला द्यायचे हे पूर्वी पाळीने ठरत असे, आणि त्यात ज्या भागात बटाटा मुबलक पिकतो तिथल्या फूड बँकेला बटाट्यांचाच ट्रक घेण्याची पाळी यायची. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने ही पद्धत बदलली. आता प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातील गरजेच्या प्रमाणात ‘शेअर्स’ नावाचे एक आभासी चलन मिळते आणि त्यातून ती ट्रकांवर बोली लावते. पीनट बटर, पास्ता, तृणधान्यांचे खोके यांना चढा भाव मिळतो; ज्या मालाला कोणी विचारत नाही, त्याची किंमत उणे होऊ शकते, म्हणजे तो उचलणाऱ्यालाच उलट शेअर्स मिळतात. छोट्या फूड बँकेला शेअर्स साठवून किंवा उधार घेऊन अडचणीच्या वेळी खर्च करता येतात. गरिबांसाठीच्या वाटपात लिलाव आणणे सुरुवातीला अनेकांना पटले नव्हते, आणि मलाही हे ऐकून प्रथम विचित्रच वाटले होते. परंतु आपल्या गोदामात काय कमी आहे हे मध्यवर्ती कार्यालयापेक्षा त्या गोदामाच्या व्यवस्थापकाला अधिक कळते, एवढा साधा विचार त्यामागे आहे आणि तो खरा ठरला.

रक्कम अडकलेल्या कुटुंबाला या सगळ्यातून नेमके काय मिळते? सर्वप्रथम, कागदपत्रांशिवाय अन्न. स्नॅपच्या अर्जाला पगाराच्या पावत्या, भाडेकरार, मुलाखत हे सर्व लागते आणि निर्णयाला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. पॅन्ट्रीत सरकारी कोट्यातील माल देतानाही सामान्यतः नाव, पत्ता, घरातील माणसे आणि उत्पन्न अमुक मर्यादेत असल्याचे स्वतःचे निवेदन एवढे पुरते. म्हणून ज्या माणसाची परिस्थिती आजच बदलली आहे त्याच्यापर्यंत पॅन्ट्री त्याच दिवशी पोहोचू शकते. शटडाऊनमध्ये हे ठळकपणे दिसले, कारण रांगेत केवळ स्नॅपचे लाभार्थी नव्हते. बिनपगारी काम करणारे किंवा घरी बसवलेले केंद्रीय कर्मचारीही होते. वॉशिंग्टन परिसरातील कॅपिटल एरिया फूड बँकेने त्यांच्यासाठी खास वाटप केंद्रे भरवली. ज्यांनी आयुष्यात कधी अशा रांगेत पाय ठेवला नव्हता, त्यांच्यासाठी ओळखपत्र दाखवून पेटी घ्यायची आणि निघायचे, ही सोय मोठी होती.

दुसरे म्हणजे ज्या वस्तू स्नॅपमध्ये मुळातच बसत नाहीत, त्या. डायपर, साबण, सॅनिटरी पॅड यांच्यासाठी कुटुंबाला नेहमी रोख पैसा लागतो, आणि किराण्याची रक्कम बंद झाली की तोच रोख पैसा दूध-पावाकडे वळतो. पॅन्ट्रीने डायपरचे एक पाकीट दिले तर तेवढेच डॉलर अन्नासाठी मोकळे होतात. पिशवीतील तांदूळ, डबाबंद वाटाणे, अंडी यांचेही तसेच आहे. त्या पिशवीने आठवडा निघत नाही, दोन-तीन दिवस निघतात. पण त्या दोन-तीन दिवसांचा वाचलेला पैसा भाड्यात भरता येतो आणि घरमालकाची नोटीस लांबते. मी वर ‘उसंत’ म्हटले ती हीच.

अलीकडे अनेक पॅन्ट्रींनी तयार पेट्यांऐवजी निवडीची पद्धत आणली आहे. फळ्यांवर माल मांडलेला असतो, कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या प्रमाणात जो तो आपल्याला हवे ते उचलतो. शाकाहारी घरात ट्यूनाचे डबे जात नाहीत, मधुमेह्याच्या पिशवीत गोड तृणधान्य पडत नाही आणि नासाडी कमी होते. पण गर्दी तिपटीने वाढली की ही पद्धत टिकत नाही, कारण तिला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. मग पुन्हा बांधलेल्या पेट्या आणि गाडीच्या डिकीत पेटी ठेवून पुढे जा म्हणणारी रांग. २०२० च्या एप्रिलमध्ये सॅन अँटोनिओ फूड बँकेच्या वाटपाला सुमारे दहा हजार कुटुंबे मोटारींतून आली होती. तेव्हा जगभर पाहिलेले ते आकाशातून टिपलेले छायाचित्र याच पद्धतीचे होते. अशी रांग कार्यक्षम असते, पण त्यात कुटुंबाची गरज विचारायला कोणाला सवड नसते, हे मला खटकते.

आता मर्यादा. फीडिंग अमेरिकाच सांगते की तिचे जाळे एक जेवण पुरवते तेव्हा स्नॅप नऊ जेवणे पुरवते. स्नॅपवर दरमहा सुमारे आठ अब्ज डॉलर खर्च होतात. ही नऊ जेवणे एका महिन्यासाठी जरी फूड बँकांवर टाकली तरी त्यांना आपले काम दसपट करावे लागेल, आणि दसपट काम म्हणजे दसपट ट्रक, दसपट शीतगृहे, दसपट स्वयंसेवक, जे अस्तित्वातच नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटते की अडचण अन्नाची आहे. प्रत्यक्षात अनेक छोट्या पॅन्ट्रींची अडचण फ्रिजची असते: दूध आणि कोंबडी देऊ करणारे दाते असतात, ठेवायला जागा नसते. शिवाय पॅन्ट्री आठवड्यातून दोन-तीन दिवस, काही तास उघडी असते, तर कार्ड रात्री दहा वाजताही चालते. कार्डाचा पैसा गावातल्या दुकानात जातो आणि तिथल्या कामगारांचा पगार होतो. मंदीच्या काळात स्नॅपच्या एका डॉलरमागे अर्थव्यवस्थेत सुमारे १.५४ डॉलरची उलाढाल होते, असा कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. पेटीतून हे घडत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फूड बँका सरकारपासून स्वतंत्र नाहीत. त्यांच्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा कृषी खात्याच्या टेफॅप या आपत्कालीन अन्न योजनेतून येतो. ही योजना १९८१ मध्ये रेगन यांच्या काळात सरकारी गोदामांत साठून राहिलेल्या चीजच्या वाटपातून सुरू झाली. तेव्हा ती तात्पुरती असल्याचे तिच्या नावातच लिहिलेले होते आणि १९९० मध्ये ‘तात्पुरती’ हा शब्द गुपचूप गळाला. मार्च २०२५ मध्ये याच मार्गाने यायचा सुमारे ५० कोटी डॉलरचा माल कृषी खात्याने रद्द केला आणि स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी फूड बँकांना मिळणारा निधीही थांबवला. म्हणजे नोव्हेंबरची लाट आली तेव्हा गोदामे आधीच उणी होती. खासगी दान सरकारची उणीव भरून काढेल, असे जे राजकारणी सांगतात त्यांनी हा क्रम एकदा तारखांसह मांडून पाहावा.

राज्यांनी काही प्रमाणात भार उचलला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी फूड बँकांच्या मदतीला नॅशनल गार्ड पाठवले आणि आठ कोटी डॉलर लवकर मोकळे केले. न्यूयॉर्कच्या कॅथी होकल यांनी आणीबाणी जाहीर करून साडेसहा कोटी डॉलर आपत्कालीन अन्नासाठी दिले. व्हर्जिनियाने वेगळा मार्ग घेतला: राज्याच्या तिजोरीतून लाभार्थींच्या त्याच कार्डांवर आठवड्या-आठवड्याने रक्कम भरली. मला व्हर्जिनियाचा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कुटुंबाला रांगेत उभे राहावे लागले नाही आणि फूड बँकेला ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी माल राखता आला.

१२ नोव्हेंबरनंतर बहुतेक राज्यांत रक्कम झपाट्याने जमा झाली, आणि छायाचित्रकार निघून गेले. रांगा मात्र लगेच ओसरत नाहीत. ज्यांनी दोन आठवडे क्रेडिट कार्डावर किराणा घेतला त्यांना पुढचे काही महिने ते कर्ज फेडायचे असते. थकलेल्या भाड्यावर दंड चढलेला असतो. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्येही असेच झाले होते. त्या वेळी फेब्रुवारीची रक्कम जानेवारीतच दिली गेली, कोणाचा एक डॉलरही कमी झाला नाही, परंतु मार्चची रक्कम येईपर्यंत चाळीस आणि काही ठिकाणी त्याहून अधिक दिवसांचा खड्डा पडला आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पॅन्ट्रींवर ताण आला. दाते मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आसपास देतात.

यापुढचा व्यत्यय शटडाऊनसारखा गाजावाजा करत येणार नाही. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवेची अट ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांना आणि चौदा व त्याहून मोठी मुले असलेल्या पालकांनाही लावली आहे. ती पूर्ण न केल्यास तीन वर्षांत केवळ तीन महिने लाभ मिळतो. माजी सैनिक आणि बेघर यांना असलेली सूट गेली, निर्वासितांची पात्रता गेली. ऑक्टोबर २०२६ पासून प्रशासकीय खर्चाचा ७५ टक्के वाटा राज्यांवर येतो, पूर्वी तो निम्मा होता. ऑक्टोबर २०२७ पासून ज्या राज्यांत चुकीच्या रकमांचे प्रमाण सहा टक्के किंवा अधिक आहे त्यांना लाभाच्या रकमेचाही ५ ते १५ टक्के भाग द्यावा लागेल. यातून एकेक कुटुंब एकेका चुकलेल्या कागदामुळे गळत जाईल, आणि म्हणून फूड बँकांच्या कामातला अर्ज भरून देण्याचा भाग, जो आजवर कोपऱ्यातल्या एका टेबलावर चालत असे, तो पिशव्या भरण्याइतकाच मोठा होईल असे मला वाटते. तासांचा पुरावा कोणता चालतो, सूट कशी मागायची, नूतनीकरणाची नोटीस आली की किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे समजावणारा माणूस पॅन्ट्रीत असणे यापुढे गरजेचे आहे.

इथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. मदत करायची असेल तर घरातले जुने डबे देण्यापेक्षा पैसे द्यावेत, कारण फूड बँक घाऊक भावात खरेदी करते आणि तिला नेमके काय हवे हे तिला ठाऊक असते. डाळी-तांदूळ द्यायचेच असतील तर आधी पॅन्ट्रीला फोन करून विचारावे, पाच-दहा पौंडांच्या बंद पिशव्या चालतात, सुटा माल कोणी घेत नाही. स्वयंसेवेसाठी जायचे असेल तर थँक्सगिव्हिंग-नाताळच्या दिवसांपेक्षा फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जावे. आणि स्वतःला किंवा ओळखीत कोणाला गरज असेल तर २११ या क्रमांकावर जवळच्या पॅन्ट्रीची माहिती मिळते. विद्यार्थी व्हिसावरील मुलांना किंवा एच-१बी वरील कुटुंबांना स्नॅप मिळत नाही, ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढांनाही साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. पॅन्ट्रीत मात्र सहसा व्हिसाविषयी विचारले जात नाही, आणि अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी वेगळी पॅन्ट्री असते, जिथे विद्यार्थ्याचे ओळखपत्र पुरते.